अकरा फॉर्मांवर माझा नंबर

शनिवारची शाळा सकाळची असते आणि शेवटच्या तासाला पोरांचं लक्ष फळ्याकडे नसतं, दाराकडे असतं. नेमका तोच तास जीवनकौशल्यांना मिळाला. तो कुणाच्या गळ्यात घालायचा यावर स्टाफरूममध्ये फार चर्चा झाली नाही. गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम मागे पडला होता, इंग्रजीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या, आणि मी मराठी शिकवते. मराठी काय, कुणीही शिकवतं, असं आमच्याकडे मानतात. मुख्याध्यापक म्हणाले की मॅडम, तुमचं बोलणं छान आहे, तुम्हाला जमेल. झालं, वेळापत्रकात माझं नाव पडलं.

आमची शाळा सायखेड्याच्या पुढे, गोदावरीच्या काठाकाठाने गेलं की लागणाऱ्या एका गावात आहे. पाचवी ते बारावी एकाच इमारतीत. मी पंचवटीत राहते आणि वीस वर्षं रोज अप-डाऊन करते. आम्ही चार शिक्षक मिळून एक गाडी करतो. गाडीत सगळे मिळून शिक्षणखात्याचा उद्धार करतो आणि शाळेच्या फाटकाशी उतरलो की निमूटपणे हजेरीपट उघडतो.

जीवनकौशल्यांचं पुस्तक दिवाळीनंतर आलं. कागद असा गुळगुळीत की पोरं नुसता हात फिरवत बसली. आत धडे होते. 'मी कोण आहे?', 'माझं स्वप्न', 'नाही म्हणायला शिकू या', 'प्रभावी संवाद'. त्यातल्या मुलाला स्वतःची खोली होती. त्याने त्या खोलीच्या भिंतीवर आपलं वेळापत्रक लावलं होतं. माझ्या वर्गातल्या अर्ध्याअधिक पोरांच्या घरी सहा माणसांत दोन खोल्या, आणि भिंतीवर वेळापत्रक लावायचं तर आधी तिथली कांद्याची गोणी हलवावी लागणार. 'प्रभावी संवाद' या धड्यात एकाने दुकानदार व्हायचं आणि दुसऱ्याने गिऱ्हाईक, असा खेळ होता. ज्या पोरांनी सातवीपासून टोमॅटोचे क्रेट घेऊन बाजारात व्यापाऱ्यांशी हुज्जत घातली आहे, त्यांना मी गिऱ्हाइकाशी कसं बोलावं ते शिकवत होते. पोरं माझ्या समाधानासाठी नीट खेळली. ती समजूतदार आहेत.

तरी पुस्तकाचं मी सोसलं असतं. संताप आणला तो फोटोंनी. प्रत्येक धड्याचे दोन फोटो काढायचे, त्यांवर ठिकाण आणि वेळ उमटलेली हवी, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत ते खात्याच्या साइटवर चढवायचे. नाही चढवले तर यादीत शाळेच्या नावापुढे लाल खूण येते आणि सोमवारी मुख्याध्यापकांना फोन. त्यामुळे हळूहळू असं झालं की फोटोसाठीच धडा होऊ लागला. 'सायबर सुरक्षा' या धड्याला मी पुठ्ठ्यांवर घोषणा लिहून घेतल्या. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हा पुठ्ठा पहिल्या रांगेत. मुलांना मैदानात उभं केलं आणि हात वर करून तीनदा म्हणायला लावलं. नेट येईना म्हणून ठिकाण उमटेना, म्हणून पुन्हा तीनदा. ओटीपी म्हणजे नेमकं काय, तो कशाला येतो, आला की काय करायचं, हे सांगायचं राहून गेलं. घंटा झाली होती.

व्यवसाय मार्गदर्शन दिन हा त्याहून मोठा तमाशा. पुस्तकात चित्रं होती. डॉक्टर, वैमानिक, पोलीस, शिक्षिका. मुलांनी आपापल्या आवडीच्या व्यवसायाच्या वेशात यावं, असं फर्मान. आमच्याकडे होता प्रयोगशाळेतला एक पांढरा एप्रन आणि स्नेहसंमेलनातली एक पोलिसाची टोपी. तो एप्रन त्या दिवशी चौदा जणांच्या अंगावर चढला. एकाचा फोटो झाला की काढ, पुढच्याला दे. चौदा डॉक्टर झाले आमच्या गावात एका सकाळी.

त्या एप्रनला नाही म्हणणारी एकच मुलगी निघाली. दहावीची, सावळी, उंच, पहिल्या बाकावर बसूनही कमी बोलणारी. तिचे वडील वायरमनचं काम करायचे. सरकारी नव्हे, गावातले. नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की लोक त्यांना बोलवायचे, आणि ते तिला सोबत न्यायचे. ती स्टार्टर उघडायची, कॉइल तपासायची, वाइंडिंगची तार मोजून कापायची. मी तिला विचारलं, अगं, तुला काय व्हायचंय? ती म्हणाली की मोटारींचं काम करायचंय, पण शिकून, डिप्लोमा करून. मी म्हटलं, छान, पण फोटोपुरता घाल ना एप्रन. तिने तो घातला नाही. घरून आणलेला टेस्टर हातात धरून तशीच उभी राहिली. तो फोटो मी वर चढवला नाही, कारण टेस्टर हे चित्रांतल्या कुठल्याच व्यवसायात बसत नव्हतं. पुस्तकात 'नाही म्हणायला शिकू या' असा अख्खा धडा आहे आणि वर्गात तो तिला एकटीलाच आलेला होता, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. तिला सत्त्याऐंशी टक्के पडले. घरचे खूश, आम्हीही खूश, आणि मग खरं जीवनकौशल्य सुरू झालं, जे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ऑनलाइन फॉर्म.

आमच्या भागातली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. फॉर्मवर मोबाइल नंबर लागतो. पालकांचे नंबर टिकत नाहीत. रिचार्ज संपलं की सिम बदलतं, फोन पडतो, विकला जातो, मोठा भाऊ कामाला जाताना घेऊन जातो. म्हणून आम्ही शिक्षक आमचाच नंबर टाकतो. हे कुणी सांगितलेलं नाही, पडत गेलेलं आहे. आमच्या गाडीतल्या चौघांच्याही फोनवर गावातल्या पोरांचे निकाल, शिष्यवृत्त्या, याद्या येत असतात. आम्हाला त्याचा थोडा अभिमानही आहे. मॅडमचा नंबर आहे म्हणजे काळजी नाही, असं गावात म्हणतात.

त्या वर्षी अकरा फॉर्मांवर माझा नंबर होता. कुणाची अकरावी, कुणाचा आयटीआय. डिप्लोमाचा फॉर्म तिचा एकटीचा. संगणक कक्षात मी खुर्चीवर आणि ती माझ्या मागे उभी. मी टाइप करत होते, ती बघत होती. नंबरचा रकाना आला तेव्हा ती म्हणाली,

"मॅडम, आईचा नंबर टाकू का? तो पक्का हे, बदलत नाय."

मी विचारलं, आईला मेसेज वाचता येतो का?

"मला येतो की."

मी मान वळवूनही पाहिलं नाही. "असू दे. उगाच काहीतरी चुकीचं दाबशील. तू निवांत राहा, बाकीचं मी बघते."

हे वाक्य मी आयुष्यात किती पोरांना म्हटलं असेल, मोजता यायचं नाही. म्हणताना फार बरं वाटतं.

आम्ही पसंतीक्रम भरला. पहिली पसंती जिल्ह्यातलं एक सरकारी तंत्रनिकेतन, इलेक्ट्रिकल, मुलींचं वसतिगृह आवारातच. तिथे लागलं तर सगळं जमणार होतं. नाही लागलं तर दूरच्या ठिकाणी वडील पाठवणार नव्हते, हे तिने मला आधीच सांगितलं होतं. नियम मी वाचले होते. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती दिलेल्या मुदतीत घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. मी तिला मोठ्या अधिकाराने हे समजावलं. यादीची तारीख दोनदा पुढे गेली होती. आता तिसऱ्यांदा जाहीर होईल तेव्हा मला मेसेज येणार होता.

आणि तेवढ्यात माझं नाव प्रशिक्षणात आलं. जीवनकौशल्यांच्या शिक्षकांसाठी तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण, इगतपुरीला, जुलैमध्ये. मी मुख्याध्यापकांपुढे बरीच आदळआपट केली. प्रवेशाचे दिवस आहेत, माझ्याकडे अकरा पोरं आहेत, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले की नाव वरून आलंय, माझ्या हातात काही नाही. त्यांच्या हातात कधीच काही नसतं. मी चिडचिड करत बॅग भरली.

जुलैत इगतपुरीला काय असतं ते इगतपुरीकरांना विचारा. आम्ही पोहोचलो तेव्हा समोरची इमारत दिसत नव्हती. चादरी ओल्या, भिंती ओल्या, फोनला रेंज नाही. कार्यालयात वायफाय होतं पण ते कार्यालयातल्या लोकांसाठी. तशीही फोनची फार गरज पडणार नव्हती, कारण रोज सकाळी नऊ वाजता आमचे फोन बंद करून एका प्लास्टिकच्या टबात ठेवायचे आणि संध्याकाळी सहाला परत घ्यायचे, असा नियम होता. 'वर्तमानात जगणे' हे त्या प्रशिक्षणातलं पहिलं कौशल्य होतं.

मला अजून ते तीन दिवस आठवले की डोकं फिरतं. चाळीस-पन्नास वर्षांची माणसं गोल करून बसलेली. बरणीत आधी मोठे दगड भरायचे की आधी वाळू, यावर अर्धा दिवस. ते वेळेचं व्यवस्थापन. प्रशिक्षक मुलगा चुणचुणीत होता, गोड बोलायचा, आणि आमच्यातल्या एकालाही त्याने विचारलं नाही की तुमच्या गावात पोरांचं नेमकं अडतं कुठे. दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीवर कागदाचं एक झाड लावलं. चिंतेचं झाड. आम्हाला पानाच्या आकाराचे हिरवे कागद वाटले. आपली चिंता त्यावर लिहायची, ते पान झाडाला चिकटवायचं आणि मागे फिरायचं. मी लिहिलं, 'विद्यार्थिनीची यादी लागायची आहे.' त्याने ते मोठ्याने वाचलं आणि हसून म्हणाला की मॅडम, आता ही चिंता झाडाची, तुमची नाही.

सांगायला लाज वाटते, पण मला खरंच हलकं वाटलं. संध्याकाळी फोन परत मिळाला तेव्हा मी तो चालू केला, रेंज नाही हे पाहिलं आणि पर्समध्ये टाकला. कार्यालयात जाऊन पाच मिनिटं वायफाय द्या म्हणणं काही अवघड नव्हतं. तारखा बघता आल्या असत्या. पण बाहेर गरम भजी आली होती, सगळ्या जणी गप्पांना बसल्या होत्या, आणि माझ्या मनात पक्कं होतं की यादी लागली तरी मुदतवाढ मिळणारच. आपल्याकडे मुदतवाढ मिळतेच. वीस वर्षांत मी एकही तारीख अशी पाहिली नाही जी पुढे गेली नाही.

ही एक गेली नाही.

तिसऱ्या दिवशी चारला प्रमाणपत्रं वाटली, फोटो झाले आणि आम्ही बसने निघालो. घोटी मागे पडल्यावर फोनला रेंज आली आणि तो थरथरतच राहिला. ग्रुपांवरचे शेकडो मेसेज, शुभ सकाळ, फुलं, कार्यालयीन सूचना. मधेच लागोपाठ चार ओटीपी आलेले, आदल्या दिवशीचे. कुणी, कशासाठी मागवले काही कळेना. अकरा फॉर्मांतला कुठलाही असू शकला असता. मी ते पुसून टाकले. त्यांच्या खाली तो मेसेज होता. तिला जागा मिळाली होती. पहिली पसंती, इलेक्ट्रिकल. जागा स्वीकारायची मुदत, आज संध्याकाळी पाच. माझ्या फोनवर पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

मी बसमध्येच साइट उघडली. खिडकीशी बसून, शेजारच्या बाईंना कोपर लागत होतं तरी. सगळं उघडत होतं, फक्त ते बटण उरलं नव्हतं. मदत केंद्राला फोन लावला, तो वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी, ती आणि तिचे वडील त्या तंत्रनिकेतनात गेलो. खिडकीवरचे कारकून भले होते. त्यांनी नंबर घालून पाहिला, स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली आणि म्हणाले की ताई, हे आमच्या हातात नसतं, सिस्टीम बंद झाली. शेवटी काही जागा उरल्या तर संस्थेच्या पातळीवर भरतात, पण इलेक्ट्रिकलच्या उरत नाहीत. मी त्यांच्याशी भांडले. उगाच भांडले. मुलीचं नुकसान, ग्रामीण भाग, तुम्हाला काही माणुसकी आहे का, असं सगळं. ते ऐकून घेत होते. ती मागे व्हरांड्यात एका बंद खिडकीला नाक लावून उभी होती. आत प्रयोगशाळेत ओळीने मोटारी मांडलेल्या होत्या.

बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं की मॅडम, असं कसं काय झालं. तेव्हा मी तोंडातून जे काढलं ते आजवर मला बोचतं.

"साइट बंद पडली होती हो. शेवटच्या दिवशी सगळे एकदम येतात, उघडतच नव्हती."

हे आपल्याकडे कुणालाही पटतं. साइट बंद पडली म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. त्यांनी मान हलवली, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, तुमी लय केलं आमच्यासाठी. आमचंच नशीब." आणि मला उसाचा रस पाजला. मी तो प्यायले. मुलीने तिचा पेला तसाच ठेवला होता. ती माझ्याकडे बघत होती, मला वाटलं रडू आवरतेय.

तिने आमच्याच शाळेत अकरावीला नाव घातलं. म्हणजे वर्षभर ती रोज माझ्यासमोर. जिन्यात भेटायची, नमस्ते मॅडम म्हणायची. मी घाईत असल्यासारखी पुढे जायचे. शनिवारचा शेवटचा तास माझाच राहिला, कारण मी आता प्रशिक्षित होते. प्रमाणपत्र होतं माझ्याकडे. मी पहिल्या तासाला पुस्तक मिटलं आणि दहावीच्या पोरांना म्हटलं की आज आपण प्रवेशाचा फॉर्म बघू, पोर्टल उघडून. संगणक कक्षात दोन संगणक चालू होते आणि पोरं बावन्न. तरी जमवलं. पुढच्या शनिवारी विस्तार अधिकारी आले. त्यांनी विचारलं की हा धडा पुस्तकात कुठे आहे आणि याचे फोटो कुठल्या रकान्यात चढवणार. मी म्हटलं, साहेब, पोरांचं अडतं ते इथे अडतं. ते म्हणाले, तुमची तळमळ कळते मॅडम, पण तळमळीला रकाना नाही. हे बोलून ते स्वतःच हसले. मी नाही हसले. त्यानंतर मी तासाची पहिली दहा मिनिटं पुठ्ठे धरून फोटो काढायचे आणि उरलेल्या वेळात फॉर्म शिकवायचे. दोन्ही अर्धवट व्हायचं. फॉर्म शिकवतानाही माझ्या लक्षात यायचं की कीबोर्डवर हात माझाच आहे, आणि पोरं मागे उभी आहेत.

वर्ष असं गेलं. पुन्हा जून आला. एका दुपारी मी संगणक कक्षात शिष्यवृत्तीची यादी भरत बसले होते, तर ती दारात. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात तिची सगळी कागदपत्रं, आणि आईचा फोन. म्हणाली की मॅडम, डिप्लोमाचा फॉर्म परत भरायचाय, दहावीच्याच मार्कांवर चालतो. इथला स्कॅनर वापरू का?

मी लगेच खुर्ची सरकवली. म्हटलं, ये, बस माझ्याजवळ, मी भरून देते. ती म्हणाली की नको, मी त्या बाजूच्या संगणकावर बसते. आणि बसली. दाखला स्कॅन केला, जातीचा दाखला केला, फाइल मोठी झाली तर लहान केली. मला ते अजून धड येत नाही. मी माझी यादी सोडून तिच्याकडेच बघत होते. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले की यंदा साइट नीट चालतेय ना बघ बाई, मागच्या वर्षीसारखं व्हायला नको.

तिचे हात कीबोर्डवर थांबले.

"मागच्या वर्षी पण चालत होती, मॅडम."

ती स्क्रीनकडेच बघत सांगत राहिली, आवाज न चढवता, एखाद्या मोटारीत काय बिघडलं होतं ते सांगावं तसं. यादी लागल्याचं तिला माझ्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या एका मैत्रिणीच्या भावाकडून कळलं. तिने मला फोन लावला, बंद. शाळेत आली, शिपाई म्हणाले मॅडम ट्रेनिंगला आहेत. मग ती सायखेड्याला नेट कॅफेत गेली. अर्ज क्रमांक तिला पाठ होता. तो घातला, तर साइटने ओटीपी पाठवला. कॅफेवाल्याने विचारलं, नंबर कुणाचा आहे? ती म्हणाली मॅडमचा. तिने चार वेळा ओटीपी मागवला. प्रत्येक वेळी मला फोन लावला. तिसऱ्या दिवशीही ती तिथे पाच वाजेपर्यंत बसून होती.

चार ओटीपी. मी ते बसमध्ये कचरा समजून पुसले होते.

ती व्हरांड्यात खिडकीला नाक लावून उभी होती तेव्हा तिला हे सगळं माहीत होतं. मी तिच्या वडिलांना साइट बंद होती म्हणाले तेव्हा ती रडू आवरत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, एवढंच.

मी विचारलं, "पप्पांना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलं ना साइट बंद होती. मग मी तसंच ठेवलं." आणि म्हणाली, "त्यांचा तुमच्यावर लय विश्वास हे."

मला तिची माफी मागायची होती. वीस वर्षं भाषा शिकवणाऱ्या बाईला एक वाक्य जुळेना. मी चुकले बाळा, असं काहीतरी पुटपुटले. तिने मान हलवली. हो म्हणून की असू द्या म्हणून, ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती पुन्हा फॉर्मकडे वळली. मोबाइल नंबरचा रकाना आला. तिने आईचा नंबर टाकला, दोनदा तपासला आणि बटण दाबलं.

टेबलावरचा फोन वाजला.

सवय वाईट असते. माझा हात आपोआप पुढे गेला आणि तोंडातून निघून गेलं, "आला का? सांग, किती आहे, मी टाकते."

तिने फोन उचलून छातीशी धरला. चिडून नाही, उद्धटपणे नाही. वर्गात उत्तर देताना उभी राहायची तशीच सरळ बसली.

"मॅडम, ओटीपी कुणाला सांगायचा नाय. तुम्हीच शिकवलंय."

मी हात मागे घेतला. तिने फोन स्वतःकडे वळवला, आकडे वाचले आणि एकेक करून टाकले.